चेहऱ्याला काय लावलंय?

नावन, जिल्हा मीथ, आयर्लंड
रविवार, २४ जानेवारी २०२१

चि. पद्मिनी,

परदेशातलं पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल, तर आधी एवढंच वाच की इकडे आम्ही चौघंही हिंडतेफिरते आहोत. तुला आणि उपेंद्ररावांना आशीर्वाद. लातूरला यंदा थंडी आहे का नुसतीच धूळ? गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं होतं म्हणालीस, ते बसवून घेतलंस का?

आठवड्याला फोन होतो तरी पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर सगळे एका चौकटीत डोकी घालतात आणि माझी पाळी आली की मला "जेवलीस का" एवढंच सुचतं. कागदावर जरा धीर येतो. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे.

गेल्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आलो, त्याला आता वर्ष होत आलं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा सरकारी हुकूम आहे. मी पाचशे पावलांच्या पुढे जात नाही. विभावरी इस्पितळातून येते, ती मागच्या दाराने. बाहेरच्या खोलीतच कपडे बदलते आणि सरळ न्हाणीघरात जाते. बाहेर आली की नाकावर आणि गालांवर मास्कचे वळ असतात, कुणी दोरीने बांधून ठेवल्यासारखे. तिच्या गाडीचा आवाज आला की मी उठून आतल्या खोलीत जातो. आज हिने काय आणलं असेल? असं सुनेबद्दल वाटावं ही लाजेची गोष्ट आहे, पण वाटतं. टीव्हीवरचे करोनाचे आकडे मी वहीत उतरवून ठेवायचो, तर जयेशने वहीच काढून घेतली. म्हणाला, "बाबा, आकडे लिहून कमी होत नाहीत." तो आठवड्यातून तीन दिवस ॲथलोनला कारखान्यात जातो. हृदयात घालायच्या बारीक नळ्या करतात तिथे. बाकी दिवस जिन्याखाली टेबल टाकून बसतो.

स्वरांगी तेराची झाली. नाताळपासून तिची शाळा बंद आहे, वर्ग लॅपटॉपवर. ती हल्ली कॅमेरा बंद ठेवते. बाईंनी दोनदा विचारलं. गाल जरा लाल झालेत तिचे. इथला वाराच तसा आहे, त्यात मास्क. इथल्या लोकांचे गाल लालच असतात. शेजारच्या मॉरीनबाईंचं नाक आणि गाल बारा महिने पिकल्या टोमॅटोसारखे. कुंपणापलीकडून त्या मला म्हणाल्या की अर्ध्या मीथ जिल्ह्याला हे आहे, त्याला काय घाबरायचं, "यू आर ग्रँड." तेव्हा ते हवामानाचं असावं.

तुझा चेहरा कसा आहे? फोनवर तू खिडकीकडे पाठ करून बसतेस, मला नीट दिसत नाही.

एक बारीक काम होतं. माझ्या पायाला खाज सुटते, ते तुला ठाऊक आहे. येताना बारा ट्यूबा आणल्या होत्या, त्या संपल्या. परवा इथल्या औषधाच्या दुकानात गेलो. एका वेळी दोनच माणसं आत. काउंटरवर विशीतली मुलगी. मी रिकामी ट्यूब तिच्यापुढे ठेवली आणि एक बोट वर केलं. तिने ट्यूब उलटसुलट करून वाचली आणि विचारलं, कुणासाठी, कुठे लावता, किती दिवस लावताय? मी म्हटलं, पाय. तिने माझ्या बुटांकडे पाहिलं, हसली आणि ट्यूब परत सरकवली. चिठ्ठीशिवाय नाही. "सॉरी नाऊ." पद्मिनी, चाळीस वर्षं मी बार्शीत काउंटरच्या आतल्या बाजूला उभा होतो. माणूस कण्हत आला, खाजवत आला, त्याला रिकाम्या हाताने परत पाठवल्याचं मला आठवत नाही. ती पोरगी किती सहज नाही म्हणाली!

तर सतीशला फोन कर. बार्शीचं दुकान आता तोच बघतो. सहा ट्यूबा दे म्हणावं, बाबा नेतात त्याच. मेतकुटाच्या पुड्यात मध्ये घाल आणि कुरियर कर. जयेशला बोलू नकोस. घरात डॉक्टरीण सून असताना सासऱ्याने चोरून औषध मागवलं, असं दिसायला नको.

लवकर पाठव. घाई आहे.

तुझे बाबा



नावन
बुधवार, १७ फेब्रुवारी २०२१

चि. पद्मिनी,

पत्र पोचल्याचा तुझा मेसेज परवा आला. मी पाच-सहा वेळा वाचला. ना खुशाली, ना काही. "बाबा, ट्यूबा कुणाच्या चेहऱ्यासाठी?"

मी पाय लिहिलं होतं. तू चेहरा कसं लिहिलंस? दोन दिवस मी फोन उशीखाली ठेवला होता. घरात कुणाचा फोन वाजला की तुझाच असेल असं वाटायचं.

ट्यूबा पाठवू नकोस. पाठवल्या असशील तर कुरियरवाल्याला गाठून परत घे.

स्वरांगीच्या चेहऱ्यासाठी हव्या होत्या. झालं असं की माझ्या बॅगेतली ट्यूब तिने आपणहून घेतली आणि लावली. पोरंच ती. मला फार उशिरा कळलं. नोव्हेंबरात तिच्या गालांवर थोडी लाली आणि बारीक पुटकुळ्या होत्या. वर्गातली कुणी तिला काही बोलली, त्यावरून दोन दिवस जेवली नाही. मग ट्यूब लावली आणि दहा दिवसांत गाल असे स्वच्छ झाले, की नाताळच्या फोटोत बघच. तुलाही पाठवलाय जयेशने, हिरव्या स्वेटरमधला. जानेवारीत ट्यूब संपली. आठवडा बरा गेला आणि मग एका सकाळी ती तशी खाली आली. गाल, हनुवटी, नाकाच्या कडा लालभडक. तोंडाभोवती दाणे. कातडी ताणून बसवल्यासारखी चकाकत होती. "इट्स बर्निंग, आजोबा," म्हणाली. रडली, तर अश्रू जिथून गेले तिथे आणखी आग.

विभावरीला वाटतं मास्कमुळे आहे. ती स्वतःच्या लेकराला औषध देत नाही, इथे तशी रीत आहे, घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही. म्हणून इथल्या डॉक्टरीणबाईंची वेळ मागितली आहे, तीही टॅबलेटच्या पडद्यावर. अजून मिळालेली नाही. सगळे करोनात गुंतले आहेत.

मी तुला विचारतो ते एवढ्यासाठी की तुझ्याइतकं हे कुणाला माहीत नाही. मला जेवढं आठवतं तेवढं मी स्वरांगीला सांगतो. पद्मिनी आत्या तोंडाला साबण लावत नाही. कोमट नाही, नुसतं साधं पाणी. टॉवेलने पुसत नाही, टिपते. माठाच्या पाण्यात मऊ धोतराचा तुकडा भिजवून पिळते आणि गालावर ठेवते. इथे माठ कुठला? मी नळाखाली रुमाल धरतो. आत्या पुऱ्या तळायला कढईपाशी उभी राहत नाही, उपेंद्रराव तळतात. चहा निववून पिते. छत्रीशिवाय दारातसुद्धा जात नाही. इथे ऊन नाही, पण खोल्या तापवायच्या त्या लोखंडी पट्ट्या भिंतीला आहेत. त्यांच्याजवळ गेली की पोर पेटते. त्या मी गुपचूप बंद करतो आणि मग जयेश थंडी वाजते म्हणून ओरडतो.

आणखी काय करतेस? रात्री झोपताना काय लावतेस? आग सुरू झाली की किती वेळात उतरते? नवीन काही लावायचं तर आधी कानामागे लावून बघतेस, ते किती दिवस? हे मला कधी विचारायचं सुचलं नाही. इतकी वर्षं तू हे एकटीने शिकलीस.

तुझ्या लग्नात हळद लावायला बायका जमल्या, तेव्हा तू म्हणालीस तोंडाला नको, हाताला आणि पायांना लावा. तुझी मावशी म्हणाली, "हे कसलं गं, चेहरा सोडून हळद?" तू हसलीस. आई आत जाऊन रडली. मी मांडवात खुर्च्या मोजत होतो. दोनशे होत्या. मी चारदा मोजल्या.

मला ते का आठवलं कुणास ठाऊक.

उत्तर दिलंस तर पत्राने दे. मेसेज नको. मेसेज आला की मला घाम फुटतो.

बाबा



नावन
रविवार, २८ मार्च २०२१

पद्मिनी,

आज होळी. उद्या तुझ्या दारावर रंगाची पोरं येतील आणि तू आतून कडी लावून बसशील. दरवर्षी बसतेस.

मागच्या पत्रात एक खोटं आहे. स्वरांगीने माझ्या बॅगेतून ट्यूब घेतली नाही. मी दिली. मॉरीनबाईंनी ऑक्टोबरात मोहरीची चटणी दिली होती, तिची रिकामी बाटली मी धुऊन पुसून घेतली, त्यात तिचंच साधं क्रीम आणि माझ्या ट्यूबा कालवल्या आणि म्हटलं, "रोज रात्री लाव. ममीला सांगू नकोस. आपल्या दोघांतलं आहे." दोन आठवड्यांनी तिने माझ्या गळ्यात हात टाकला. "आजोबा, यू आर मॅजिक." आल्यापासून ती पहिल्यांदा माझ्याजवळ आली होती. एरवी मी मराठीत विचारायचं आणि तिने पाठमोरी राहून इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं. मी बाटली भरत राहिलो. नऊ आठवडे.

आता घडलं ते सांगतो. क्रमाने लिहितो, नाहीतर मी मधलं गाळीन.

नऊ मार्चला डॉक्टरीणबाईंची वेळ मिळाली. स्वयंपाकघरात टॅबलेट मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला होता. समोर स्वरांगी, शेजारी विभावरी, आणि मी खिडकीशी मटार सोलत होतो. मला बाहेर जाता आलं असतं. गेलो नाही. काय बोलतात ते ऐकायची भीती होती आणि न ऐकायची त्याहून जास्त. बाईंनी विचारलं, किती दिवस आहे, जळजळ कधी वाढते, घरात कुणाला आहे का. मग विचारलं, चेहऱ्याला काही क्रीम लावलंय का? इंग्रजीतलं मला थोडंच कळतं, पण हा प्रश्न मला कुठल्याही भाषेत कळेल.

"नो," स्वरांगी म्हणाली. "जस्ट द मॉइश्चरायझर."

म्हणताना तिने आईकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तेरा वर्षांची पोर, तोंड भाजल्यासारखं झालेलं, आणि मला सांभाळून घेत होती.

पद्मिनी, हे मी आधी एकदा पाहिलेलं आहे. सोलापूर, दोन हजार तीन, पावसाळा संपत आलेला. त्वचेच्या डॉक्टरांकडे आपण एस. टी.ने गेलो होतो. तू खिडकीशी ओढणी तोंडावर घेऊन बसली होतीस. डॉक्टर म्हातारे होते, भला माणूस. त्यांनी भिंग लावून तुझा गाल पाहिला आणि विचारलं, "बाळ, चेहऱ्याला काय लावतेस?" तू म्हणालीस, "घरचं मलम आहे, केशर-चंदनाचं. बाबा वैद्यांकडून आणतात." त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "काय असतं हो त्यात?"

मी म्हटलं, "केशर, चंदन, लोणी."

ते म्हणाले, "मग चालू ठेवायला हरकत नाही."

आणि तू ते आणखी तीन वर्षं लावलंस.

कुणी वैद्य नव्हता. ते मी दुकानात मागच्या फळीवर कालवत होतो. तुला बघायला अकलूजचे पाहुणे यायचे होते, आणि कुणीतरी आईला म्हणालं होतं की मुलगी गुणाची आहे, रंगाने जरा डावी आहे. आईने ते मला सांगितलं, एवढंच. पुढचं सगळं माझं. एक भाग ती ट्यूब, एक भाग डाग घालवायचं मलम, दोन भाग कोल्ड क्रीम, आणि वर चिमूटभर केशर रंगासाठी, म्हणजे तुला शंका येऊ नये. महिनाभरात तू उजळलीस. शेजारणी विचारायला लागल्या. मला किती बरं वाटलं होतं, ते आता लिहायला हात धजत नाही.

मला माहीत नव्हतं, असं लिहायचं मी दोनदा ठरवलं आणि दोनदा कागद फाडला. मला माहीत होतं. औषध कंपनीचा एक माणूस दर महिन्याला दुकानात यायचा. त्याने मला सांगितलेलं, "दीनाभाऊ, हे चेहऱ्याला देऊ नका. कातडी पातळ होते, मग ती औषधाशिवाय राहत नाही." मला वाटलं, दुसऱ्याचा हात सैल असतो, माझा बेताचा आहे. मग तुझे गाल पेटायला लागले. डबी थांबवली की आग, लावली की थंड. तेव्हा मला कळलं, तो म्हणाला तेच हे. तरी सोलापूरला मी लोणी म्हणालो. मालकाला कळलं तर दुकानाचा परवाना जाईल, ही एक भीती. तुझं लग्न मोडेल, ही दुसरी. आणि खरी भीती ही, की तू डॉक्टरांच्या समोर मान वळवून माझ्याकडे बघशील.

दोन हजार सहात मी डबी आणणं बंद केलं आणि तुला सांगितलं, वैद्यबुवा वारले. तू सुतक असल्यासारखी गप्प बसलीस. तुझी ती दोन वर्षं कशी गेली, ते मी शेजारच्या खोलीतून ऐकलेलं आहे. अकलूजवाले तर केव्हाच परत फिरले होते. उपेंद्ररावांनी तुला त्या तोंडानिशी पसंत केलं. त्या माणसाकडे मी आजवर सरळ मान करून बघितलेलं नाही.

नावनला परत येतो. स्वरांगी "नो" म्हणाली, आणि बाई पुढचा प्रश्न विचारायला लागल्या. मी म्हटलं, "हो. लावलंय."

विभावरी मागे न बघता म्हणाली, "बाबा, एक मिनिट. मटाराचं नंतर बघू."

मी उठलो. मांडीवरचे मटार सगळे खाली. "मी लावलंय तिला. स्टेरॉइड आहे. क्लोबेटासॉल. नऊ आठवडे, रोज रात्री. अकरा जानेवारीला संपलं."

विभावरी वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, आश्चर्य होतं. सातवी शिकलेल्या सासऱ्याच्या तोंडून ते नाव तिने पहिल्यांदा ऐकलं. "तुम्हाला नाव माहीत आहे?"

"आहे."

"आणि ते काय करतं, ते?"

"तेही."

"आजोबा! यू प्रॉमिस्ड!" स्वरांगी ओरडली आणि वर निघून गेली. दार आपटलं. टॅबलेटमधल्या बाई थांबल्या होत्या. विभावरीने त्यांना इंग्रजीत सगळं सांगितलं, एकाही शब्दाला न अडखळता, वॉर्डातल्या एखाद्या पेशंटबद्दल सांगावं तसं. शेवटी बाई माझ्याकडे बघून काही म्हणाल्या. "फेअर प्ले टू हिम" एवढं कानावर आलं, सूर शाबासकीसारखा. त्याचा अर्थ विभावरीने मला सांगितला नाही. मी विचारला नाही.

मग ती खाली बसली आणि मटार वेचायला लागली. मी वाकलो, तर म्हणाली, "राहू द्या." मूठभर वेचून झाल्यावर म्हणाली, "बाबा, मला वाटत होतं मीच काहीतरी वॉर्डातून घरात आणलं. तीन आठवडे मी माझ्या पोरीच्या शेजारी बसून जेवले नाही. तिला जवळ घेतलं नाही. तुम्ही रोज समोर बसून बघत होतात." एवढंच. तिने आवाज चढवला असता, तर मला सोपं गेलं असतं.

जयेश संध्याकाळी आला. सगळं ऐकलं आणि परत गाडीत जाऊन बसला. अर्ध्या तासाने आत आला आणि दारातूनच म्हणाला, "ताईचं पण?"

मी होकाराची मान हलवली.

"ती डबी तुम्ही दुकानातून आणायचात. सुट्टीला घरी आलो की तुमच्या हातातून मीच ती घ्यायचो. मला कधी वाटलंच नाही विचारावं." मग म्हणाला, "मी ताईला आत्ता फोन लावतो."

मी त्याचे हात धरले. मुलाचे हात धरायची माझी पहिलीच वेळ. म्हटलं, मला माझ्या हाताने लिहू दे. त्याने एप्रिल अखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. कबूल करून तीन आठवडे होत आले. त्यातले अठरा दिवस मी कागद घेऊन नुसता बसत होतो. आज विभावरी म्हणाली, "बाबा, पोस्टाला तीन आठवडे लागतात, हिशेब करा." म्हणून आज लिहितो आहे. माझ्या धाडसाने नाही.

तू तो मेसेज का केलास? तुला आधीच माहीत होतं का? किती वर्षांपासून? हा प्रश्न मला रोज पहाटे उठवतो. माहीत असून तू दर दिवाळीला माझ्या पाया पडत होतीस का?

स्वरांगीला गोळ्या आणि एक साधं मलम दिलंय. सहा महिने लागतील, मध्ये वाढेल, मग उतरेल, कदाचित सगळं उतरणार नाही, असं बाईंनी सांगितलं. लवकर कळलं हे चांगलं झालं, असंही म्हणाल्या. लवकर म्हणजे काय, ते विभावरीने मला समजावलं. समजावलं नसतं तरी कळत होतं. तुझ्या वेळी चार वर्षं आणि सोलापूरचा तो एक भला डॉक्टर मी वाया घालवला.

सोबतच्या वेगळ्या कागदावर मी सगळं लिहून दिलं आहे. काय कालवलं, कितीला किती, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत. खाली सही केली आहे. विभावरी म्हणते की ताईंनी हा कागद चांगल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखवला, तर अजूनही उपयोग होईल, आजवर त्या भलत्याच रोगाची औषधं घेत आल्या असतील. दाखव. उपेंद्ररावांना दाखव. दुकानाचं नाव लिहिलेलं आहे, ते झाकू नकोस.

आता शेवटचं. बारा एप्रिलला स्वरांगीची शाळा उघडते आहे. वर्गात मास्क सक्तीचा आहे, म्हणून तिला जरा हायसं वाटतंय. डबा खाताना तो काढावा लागेल, त्याची तिला भीती. ती माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत आलो की उठते. परवा जिन्यात एकदाच थांबली आणि विचारलं, "विल आय लुक लाइक पद्मिनी आत्या?"

मी म्हटलं, "तुझी आत्या फार सुंदर आहे."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड," म्हणाली आणि गेली.

तिला उत्तर हवं आहे, आणि ते माझ्यापाशी नाही. तू बोलशील का तिच्याशी? तिला मराठी सगळं समजतं, बोलत नाही एवढंच. आरशात बघायचं कसं, लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, डबा खाताना कुठे बसायचं, हे तिला तुझ्याशिवाय कोण सांगणार? माझ्यासाठी नको करूस. माझं नाव निघालं तर तुला वाटेल ते सांग तिला.

मला काय म्हणायचं असेल, तर बारा एप्रिलनंतर तुमच्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा फोन कर. इथे दुपारचा एक असतो. जयेश कारखान्यात असला की घरात कुणी नसतं, तो घरी असला तर मी मागच्या दाराबाहेर बसेन. कितीही मोठ्याने बोल. मी मध्ये बोलणार नाही, लोणी म्हणणार नाही, आणि तू ठेवेपर्यंत ठेवणार नाही. नाही केलास, तरी रोज त्या वेळेला मी फोन समोर घेऊन बसलेला असेन.

भीती वाटते आहे गं.

तुझा बाप,
दीनानाथ